झाडे सरांच्या चित्रातला उजवा हात

१. नऊ वर्षांपूर्वी झाडे सरांनी त्यांच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या काकूंचे, तैलचित्र सुरू केले: अंगणात बसून सुपात तूर पाखडणाऱ्या काकू.

२. यंदा दिवाळीनंतर ते पूर्ण झाल्याचे सरांनी सांगितले. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी ते सरांच्या पंचाहत्तरीच्या समारंभासाठी हिंगणघाटला फ्रेम करायला दिले.

३. चौथ्या दिवशी सर समुद्रपूरहून एसटीने त्या दुकानात गेले आणि चित्र परत घेऊन आले.

४. उजव्या हातावर त्यांनी पांढरा रंग मारला. तिथे आता हात नाही.

गौरवलेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळते. पण समितीने अनुभव लिहायला सांगितले आहे आणि सर्वांत ताजा अनुभव हा आहे.

सरांची माझी ओळख आठवीत झाली. मी बसलेला बैल काढून दाखवला. सरांनी विचारले, "बैल बसताना आंधी कोन्ते पाय मोडते, पुढचे का मागचे?"

"मले नाई माहीत, सर."

"मंग काढला काऊन?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारच्या गोठ्यात नेले आणि बैल बसेपर्यंत आम्ही उभे राहिलो. त्याला पाऊण तास लागला. पुढचे पाय आधी मोडतात. तेव्हापासून मी न पाहता काही काढलेले नाही.

सरांची पद्धत साधी होती. रोज हाताचा सराव, आठवड्यातून एकदा वस्तू समोर ठेवून अभ्यास, आणि महिन्याअखेर स्वतःचे एक पूर्ण चित्र, सही आणि तारखेसह. ते चित्र आणले नाही तर पुढच्या महिन्याचा सराव ते बघतच नसत. "नुसता सराव करून राह्यली तं सरावातच राहशीन," असे ते म्हणत. मी आज यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करते. वेळेवर सही करून कागद हातावेगळा करायची सवय मला त्यांनीच लावली.

दहावीत माझे उजवे मनगट मोडले. सर दर रविवारी जाड पेन्सिल घेऊन आमच्या घरी येत. "डाव्या हातानं काढजो. वाईट निघन, पण निघन." सहा रविवार त्यांनी माझ्या वाकड्या रेषा तपासल्या. त्याचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधी केला नाही. मीही आभार मानले नव्हते. ते इथे मानते.

म्हणूनच चित्रातल्या या हाताचा वैताग जास्त आहे. मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. काकू सूप घेऊन बसलेल्या, सर ब्रश घेऊन.

"तू हात लय हालवतं," सर काकूंना म्हणाले.

"सूप हातानंच हालवा लागते, पायानं नाई." मग माझ्याकडे वळून, "मी बसून बसून म्हातारी झाली, पोरी. चित्रातले केस अजून काळेच हायेत."

मी सरांना फोटोवरून हात काढायला सुचवले. त्यांच्या कपाटात त्या हाताची अभ्यासचित्रे आहेत. मी मोजली, दोनशे अकरा. त्यांतली किमान तीस निर्दोष आहेत. सर म्हणाले, "फोटोत वजन नाई दिसत." ते बरोबर आहेत. दरवेळी बरोबर असतात, हीच अडचण आहे.

निघताना काकू फाटकापर्यंत आल्या. सरांना उजव्या डोळ्याने आता जवळजवळ दिसत नाही. डाव्याची खात्री डॉक्टर देत नाहीत. काकू हळूच म्हणाल्या, "त्याईले दिसते तोवर होऊ दे वं. मले पुरं चित्र पाह्याचं हाये, अन् त्याईनं पाह्यलेलं पाह्याचं हाये."

सरांना दीर्घ आयुष्य आणि उत्तम प्रकृती लाभो, अशी आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. त्या आयुष्यात त्यांनी आणखी हजार हात काढावेत. हा मात्र आता संपवावा.

सर, हात कसाही निघो. सही करून ठेवलेले चित्र न्यायला कोणत्या दिवशी यावे, ते कृपया येत्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत कळवावे. उत्तर काकूंकडून आले तरी चालेल.