शेवटच्या तुकड्यातला भाता

बाळांनो, मामाचा अल्बम ऐकून परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, गाणं सुरू कधी होतं?" ते सुरूच होत नाही. त्यात कोणी गातच नाही. पण शेवटच्या तुकड्यात मी आहे, आणि हे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून आजच लिहायला बसले. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचता आलं असतं, पण ही हकिकत मराठीत घडली. आई वाचून दाखवेल.

मामाचा बँड तिघांचा. तो गिटार वाजवतो. ड्रमवाला भोसरीच्या जुन्या शेतकरी घरातला. त्यांच्या जमिनीवर आता वर्कशॉपचे गाळे आहेत, त्यातल्याच एका रिकाम्या गाळ्यात तालीम चाले. तिसरी कीबोर्डवाली, नांदेडची, मामाच्याच चाकणच्या कंपनीत. डाव्या हाताने ती खालचे जाड सूर सांभाळते, उजव्याने चाल. याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात, वरून जॅझची फोडणी, असं मामा सांगतो. मला एवढंच कळलं, की सात मात्रा मोजत बसावं तर मधेच पाच होतात.

तालीम दर गुरुवारी. इकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे शेजारच्या गाळ्यांतली मशिनं बंद. रेकॉर्डिंगही गुरुवारीच. एकच तुकडा उरला होता. तो कीबोर्डवालीने रचलेला, आणि तिची चेन्नईला बदली झाली होती. त्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळीच तिचं सामान टेम्पोत चढायचं होतं. निरोपाच्या पुरणपोळ्या घेऊन मी गाळ्यावर गेले.

डबा उघडते तोच पंखा थांबला.

"आज गुरुवार हाय ना काकू," ड्रमवाल्याने कपाळावर हात मारला. "सुट्टीचं बघून कधीमधी दुरुस्तीला लाइन बंद करत्यात. आता सांजच्यालाच येनार."

"तुला माहीत होतं?" मामा ओरडला.

"व्हय. जलमापासनं."

"मग सांगायचं ना राव!"

"तू शांतता मागितली व्हतीस. घे की आता."

कीबोर्डवाली हसली नाही. "दुसऱ्या कोणाकडून वाजवून घ्या," म्हणाली आणि कीबोर्ड पिशवीत घालू लागली.

"आमच्याकडे पेटी आहे," मी म्हणाले. "तिला लाइट लागत नाही."

मामा आणि ड्रमवाला स्कूटरवरून सांगवीला घरी गेले. परतताना पेटी ड्रमवाल्याच्या मांडीवर, तान्हं मूल धरावं तशी. मामाने गिटार पेटीच्या सुराला लावली. विजेवाचून ती डासासारखी गुणगुणत होती. रेकॉर्डर बॅटरीवरचा. ड्रमवाल्याने काठ्या ठेवून ब्रश घेतले, आवाज नरम यावा म्हणून.

मग खरी अडचण कळली. पेटीचा भाता मारायला एक हात लागतो, आणि कीबोर्डवालीचा डावा हात अडकला की अर्धा तुकडा गेला.

"काकू, भाता तुम्ही मारता का?" तिने विचारलं.

मी समोर बसले. स्वभावानुसार शिस्तीत मात्रा मोजून भाता मारू लागले. सात, सात, आणि पाच आले तशी मी अडखळले. पेटीला धाप लागली. दुसऱ्यांदाही तेच.

"काकू, मोजू नका," ती म्हणाली. "बाळ झोपवताना मांडी हलवतो ना, तसं."

ते मात्र मला येतं. तुम्हा दोघांनाही मी तसंच झोपवलंय. सात आले, पाच आले, मधे अकरा की काय आले. माझा हात आपल्याच चालीत. शेवटचा सूर तिने धरून ठेवला आणि डोळ्यांनी मला सांगत राहिली, अजून, अजून. मी भात्यातली शेवटची हवा दिली.

मामाने रेकॉर्डर बंद केला. मग ड्रमवाला म्हणाला, "काकू, पुढल्या गुरुवारपासनं तुमची शिफ्ट लावतो. ओव्हरटाइम मिळंल."

तेव्हा ती हसली, आणि हसता हसता तिने डबा पुढे ओढला. पोळ्या गार झाल्या होत्या, तरी एक उरली नाही.

आता ती चेन्नईत आहे आणि त्या गाळ्यात भाडेकरूची लेथ चालते. पेटी माझ्या खाटेखाली आहे. शेवटच्या तुकड्यात सूर विरल्यावर जी बारीक किणकिण ऐकू येते, त्या माझ्या बांगड्या. मामाने तो आवाज काढून टाकला नाही.