मास्तरांची कंबर छत्तीस

मास्तरांच्या दुकानात एक नियम होता: टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही. गिऱ्हाईक म्हणालं, मागचंच माप धरा, तरी मास्तर त्याला उभं करायचे, कमरेभोवती टेप फिरवायचे आणि आकडा मोठ्यानं सांगायचे. काउंटरमागे बसलेली बायको तो मापांच्या वहीत लिहायची. माणूस वर्षभरात कुठेकुठे सुटतो ते त्याचं त्याला कळत नाही, असं मास्तरांचं ठाम मत. पँट आखडली अशी तक्रार घेऊन कुणी आलं की ते चष्म्यावरून बघत आणि कापड धुतल्यावर आटतं, जेवल्यावर नाही, असं सुनवत. अख्ख्या बाजारात हा टोमणा गाजलेला होता.

तर अशा या माणसानं गेली दोन वर्षं स्वतःला टेप लावला नव्हता.

चार वर्षांपूर्वी मास्तर एकशे चौतीस किलोचे होते. साखर वाढलेली, गुडघे कुरकुरणारे, मशीनपुढे बसलं की आधी पोट टेकायचं आणि मग हात पोचायचे. शेवटी ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला आणि दीड वर्षात मास्तर चौऱ्याऐंशीवर आले. बावन्नची कंबर छत्तीस झाली, साखरेच्या गोळ्या सुटल्या. मग काय विचारता! येईल त्याला ऑपरेशनची कथा, आणि न विचारणाऱ्याला तर आधी. दवाखान्यातल्या सभेत नव्या पेशंटांपुढे मास्तरांना उभं करत. काही करावं लागत नाही हो, आपोआप होतं, असं ते हात उडवून सांगत. टाळ्या पडत. त्या टाळ्या मास्तरांना चढल्या.

ताटभर जेवण तर आता जातच नव्हतं, चार घासांत पोट हात वर करायचं. पण चहात बुडवलेलं बिस्किट अडवणारा डॉक्टर अजून जन्मायचाय. ते विरघळून गुपचूप खाली उतरतं आणि दहा मिनिटांत दुसऱ्याला जागा करून देतं. मास्तर जेवायचे चिमणीएवढं आणि खायचे दिवसभर. मूठभर चिप्स म्हणजे नुसती हवा, आइस्क्रीम म्हणजे शेवटी पाणीच, हे त्यांचं स्वतःचं आहारशास्त्र होतं.

दुसरा कुणी असता तर पँट घट्ट झाल्यावर हादरला असता. मास्तरांच्या नशिबी तेही नव्हतं, कारण मास्तर पडले शिंपी. शिवणीत सोडलेलं जादा कापड उसवायचं, अर्धा इंच बाहेर घ्यायचं, टीप मारायची की झालं. जादा कापड संपलं तेव्हा बाजूला पट्टी जोडली. पट्टीही पुरेना तेव्हा दोन नव्या पँटी शिवल्या, आणि त्या, सांगायलाही लाज वाटते, नुसत्या नजरेच्या अंदाजानं कापल्या. आता पँट कधी घट्ट झालीच नाही, तर वजन वाढलं असं म्हणायचं तरी कशावरून? दवाखान्याच्या तपासण्या आधी पुढे ढकलल्या, मग त्यांचे फोन घेणंच बंद केलं. साखर परत आली तेव्हा मास्तर मुकाट्यानं दुसऱ्याच डॉक्टरकडे गेले आणि गोळ्यांची पाकिटं बटणांच्या डब्यात लपवू लागले. बायको काही बोलत नव्हती. तिला दिसत नाही, असं मास्तर धरून चालले होते.

अशात धाकट्या भावाचं ऑपरेशन ठरलं. भाऊ लांबच्या गावी शाळेची बस चालवायचा. वजन एकशे अठ्ठेचाळीस. झोपेत श्वास अडकायचा, दिवसा डुलक्या यायच्या, म्हणून शाळेनं त्याच्याकडून बस काढून घेतली होती. वजन उतरल्याशिवाय ती परत मिळणार नव्हती. दोन वर्षं दोघांची गाठ फोनवरच पडत होती आणि मास्तर प्रत्येक वेळी आपोआप होतं रे, हेच पालुपद लावत होते. फोनही असा धरायचे की त्यात फक्त कपाळ आणि चष्मा दिसावा.

ऑपरेशनच्या चार दिवस आधी भाऊ बॅग घेऊन थेट दुकानात आला. मास्तर ढगळ शर्ट घालून कापायच्या टेबलामागे उभे राहिले आणि तिथून हललेच नाहीत. भावानं दादाकडे बघितलं, पुन्हा बघितलं, पण थोरल्या भावाला कसं विचारणार? तो म्हणाला, ऑपरेशननंतरची एक पँट आत्ताच शिवून ठेव, डोळ्यांसमोर टांगून ठेवीन. मास्तरांनी माप विचारलं.

"तुझंच घाल ना, दादा. किती आहे?"

"छत्तीस," मास्तर म्हणाले.

टेबलावरचा टेप उचलून भाऊ मागे आला आणि सवय नसलेल्या हातांनी त्यानं तो दादाच्या कमरेभोवती फिरवला. आकडा वाचायला त्याला वेळ लागला. त्रेचाळीस, तो हळूच म्हणाला. मास्तरांनी एका दमात सांगून टाकलं की आत्ताच चहा झालाय, शर्ट जाड आहे आणि टेप जुना होऊन सैल पडलाय. मग काउंटरमागून, गिऱ्हाइकांशी बोलावं तशा साध्या आवाजात, बायको म्हणाली, "त्रेचाळीस लिहू ना?"

मास्तर मटकन स्टुलावर बसले. पुढची दहा मिनिटं त्यांनी सगळं ओकलं: बिस्किटं, पट्ट्या, न घेतलेले फोन, बटणांच्या डब्यातल्या गोळ्या. सांगताना त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की ते बोलत होते जमिनीशी.

"ऑपरेशन लबाड नाही रे," शेवटी ते म्हणाले. "लबाड मी. त्यांनी पोट लहान करून दिलं, तोंड माझ्याच ताब्यात राहिलं."

भाऊ दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. झालं, मास्तरांना वाटलं, हा आता परत जाणार आणि याची बस माझ्यामुळे कायमची गेली. काचेतून त्याची रुंद पाठ दिसत होती. ती बघून मास्तरांना रडू आलं, आणि ते बायकोसमोर उघडपणे रडले.

भाऊ आत आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता. दादाला आपोआप जमलं, मला मात्र रोज झगडून चार दिवस जमत नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे, असं तो दोन वर्षं समजत आला होता. आपल्याला हे जमणारच नाही म्हणून येताना ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं परतीचं तिकीटसुद्धा काढून आला होता.

"उद्या तू माझ्याबरोबर दवाखान्यात येणार," तो म्हणाला. "पेशंट म्हणून. तू नाही तर मीही नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तर गेले. तिथल्या भिंतीवर चौऱ्याऐंशी किलोच्या मास्तरांचा हसरा फोटो होता. काउंटरवरच्या नव्या नर्सनं फोटो बघितला, मास्तरांना बघितलं आणि हे तुमचे कोण, असं आपुलकीनं विचारलं. मीच तो, मास्तर म्हणाले, यायला जरा उशीर झाला. काट्यावर एकशे सात भरले. आहारतज्ज्ञ बाईंनी आदल्या दिवशी काय खाल्लं ते लिहायला सांगितलं. जेवण दोन ओळींत संपलं, मधलं खाणं लिहायला कागद उलटावा लागला. मास्तर ओरडा खायची तयारी करून बसले होते, पण बाई म्हणाल्या की वजन परत चढणारे तुम्ही पहिले नाही. पोट अजून लहानच आहे, त्याचा उपयोग करून घेऊ. आधी रक्त तपासा, खायच्या वेळा ठरवा, जेवताना प्रथिनं आधी, पातळ काही असेल तर जेवणानंतर अर्ध्या तासानं, रोज चाला. आणि चुकलात तरी दर महिन्याला तोंड दाखवा, विशेषतः चुकलात तर. मास्तरांना हे शेवटचं सगळ्यांत अवघड वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी भाऊ हिरवा गाऊन घालून खाटेवर पडला होता. त्याचे हात गार पडले होते. मास्तरांनी ते धरून ठेवले.

"दादा, माझंही परत वाढलं तर?"

"तर पहिल्याच किलोला मला सांगायचं."

"आणि तुझं?"

मास्तरांच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"माझं या तीन दिवसांत अर्धा किलो वाढलंय," ते म्हणाले. "मघाशीच बाईंना सांगून आलोय."

भावानं दादाचा हात सोडला, आणि नेऊ का असं नर्सनं विचारल्यावर चला म्हणाला.