दहा मिनिटं पुढं

सत्त्याण्णव सालचा डिसेंबर. खाडीवरून बोचरं वारं येत होतं, तरी बेलापूरच्या हापिसात ज्ञानेश्वरीला घाम फुटला होता. आठपासून ती कारकुनांनी कॉम्प्युटरच्या पडद्यांना डकवलेल्या पासवर्डच्या चिठ्ठ्या खरवडून काढत होती. विंडोजला एक पासवर्ड, युनिक्सच्या मोठ्या मशीनला दुसरा. माणूस लक्षात ठेवणार तरी किती? तिनं सहा महिने खपून सगळ्यांची एकच यादी मोठ्या मशीनवर चढवली होती. आता कुठंही बसा, नाव एक, पासवर्ड एक. अकराला नंदकिशोरसाहेब स्वतः बघणार होते. चाललं तर ती पर्मनंट, नाहीतर जुनंच बरं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

साडेदहाला अरुणाबाईंनी पासवर्ड टाकला. मशीननं नाकारला. शेजारचंही तसंच, त्यापुढचंही. तिचं स्वतःचं तेवढं झोकात चालत होतं.

"ज्ञानेश्वरी, चिठ्ठ्या ठेवल्यास ना गं?" अरुणाबाई म्हणाल्या.

तिनं ऐकलंच नाही. पासवर्ड जुळला की मोठं मशीन एक पास देतं आणि त्यावर वेळ घालतं. दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की पास बाद. तिची नजर अरुणाबाईंच्या पडद्याच्या कोपऱ्यात गेली. दहा बेचाळीस. पळत जाऊन आपलं बघितलं. दहा बत्तीस! सकाळी मशीनं चालू करायचं काम शिपाई गंगारामचं. तो चहा घेऊन आलाच.

"घड्याळं कुणी हलवली, काका?"

"मीच, परवा. सांच्याला उरनची बस चुकते ना समद्यांची. घरी बी आमी पुढंच ठेवतो."

"मग माझं का सोडलंत?"

"तुमी दिघ्याच्या. तुमची बस वेगली."

तिला हसू आवरेना. एका टोकानं ती, दुसऱ्या टोकानं गंगाराम, चहा तसाच ठेवून दोघं घड्याळं मागं घेत सुटली. अकराला साहेब अरुणाबाईंच्या जागी बसले. नाव, पासवर्ड... उघडलं! ते दुसऱ्या मशीनवर गेले, तिसऱ्यावर, मग मुद्दाम गंगाराम बसतो त्या दाराजवळच्यावर. सगळीकडं उघडलं.

"सोमवारी पर्मनंटच्या कागदांसाठी सर्टिफिकेटं घेऊन ये," एवढंच ते बोलले.

अंगात नुसतं वारं भरलं होतं तिच्या. तेवढ्यात कोपऱ्यातला प्रिंटर कागद संपून टीं टीं करायला लागला. तिनं नवा गठ्ठा फोडला आणि कागदाच्या कडेची भोकं एकेक करून प्रिंटरच्या दातांवर बसवायला घेतली.