सात बाइट आणि पाळीची बस

गोवा राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. मी पेडण्याहून रोज म्हापशाला एका लहानशा कॉम्प्युटर कंपनीत जायचे. तिथं बेळगावची एक ताई माझी वरिष्ठ होती. आम्ही दोघींनी साध्या प्रिंटरवर देवनागरी छापणारा प्रोग्राम लिहिला होता. तेव्हा मराठी की कोंकणी यावरून बसमध्येसुद्धा माणसं हमरीतुमरीवर यायची. आमचा प्रोग्राम दोन्ही छापायचा, त्यामुळे आम्हांला अख्खा गोवाच गिऱ्हाईक वाटायचा.

आमच्या ऑफिसातल्या डॉसच्या मशीनवर तो झकास चालला. मग पाळी गावातल्या एका खाणीच्या ऑफिसने तो मागवला. त्यांचं मशीन युनिक्सचं, आतला प्रोसेसरही निराळा. अक्षरं काढणारा भाग असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या बोलीत होता; तो मी पुस्तक बघून वहीत नव्याने लिहिला आणि ताईबरोबर तिथं जाऊन टाइप केला.

खाणीचे मॅनेजर खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांना कामगारांसाठी सूचना छापून हवी होती : उद्यापासून पाळीची बस साडेसहाला सुटेल. मी बटण दाबलं. प्रिंटर गप्प. पडद्यावर इंग्रजीत दोनच शब्द उमटले : बस एरर.

"बस?" मॅनेजर दचकले. "काय झालं बसला?"

"तसं नव्हे हो, ती बस वेगळी, मशीनच्या आतली," मी म्हणाले. पण ते फोनकडे धावले होते. ताईने पदर तोंडात कोंबला. मला तर श्वासच घेता येईना.

हसू जरा ओसरल्यावर ताईने वही पुढे ओढली. "स्टॅकवर किती जागा घेतलीस गं?"

स्टॅक म्हणजे मेमरीतली चळत; काम चालू असताना लागणारं सामान तिच्यावर ठेवायचं.

"सात बाइट. डॉसवर पण सातच होते की!"

"ते मशीन सोशीक बाई. हे मेमरीतल्या विषम पत्त्यावर पाऊलच टाकत नाही." तिने पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं. "आठ कर."

एक बाइट रिकामा सोडायचा, एवढंच! मी सातचे आठ करत होते तेवढ्यात खिडकीशी खरोखरच बस येऊन उभी राहिली. ड्रायव्हर आत डोकावला. "बाय, माजे बशीक काय जालां?"

"काही नाही दादा," ताई कशीबशी म्हणाली, "आता बरी आहे."

आणि प्रिंटर करकरत सुरू झाला. 'उद्यापासून' हा शब्द जोडाक्षर-उकारासकट कागदावर उतरला. मी खुर्चीवरून उडालेच. कोल्हापूरकडचे दोन कामगार बाहेरून आले, त्यांनी सूचना मोठ्याने वाचली. "आयला, छापलंय की मराठीत!" मॅनेजरनी ती दहा वेळा छापून घेतली; वरच्या नऊ प्रती कशाला, कुणी विचारलं नाही.

पुढे मी बऱ्याच मशिनांवर काम केलं. कुठे स्टॅक चारच्या पटीत लागतो, कुठे सोळाच्या. विंडोज आणि लिनक्स एकाच प्रोसेसरवर असले तरी फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या एखाद्या तुकड्याला, हाक मारायची दोघांची रीत निराळी. आता मी आधी पुस्तकातलं स्टॅकचं पान उघडते.

त्या दिवशी मात्र म्हापसा स्टँडसमोर पातळ भाजी-पाव खाताना ताई नुसतं "बरी आहे" एवढंच म्हणायची आणि माझा चहा नाकात जायचा. पेडण्याच्या दोन गाड्या मी अशाच सोडल्या.