काचेचा ग्लास

दर्यापूरला एका दुपारी माझी तीन वर्षांची लेक तापानं फणफणली आणि तिच्या मांड्यांवर लाल ठिपके उठले. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "माता आली लेकराले. आता दवाखाना नाई, सुई नाई." आणि कडुनिंबाचा पाला आणायला गेल्या.

मी अकोल्याला बहिणीला फोन लावला. ती नर्स आहे. ती म्हणाली, "ठिपक्यायवर ग्लास दाबून पाह्य. दाबल्यावर फिके पडले नाई, तं थांबू नको. दवाखान्यात पळ."

पाला घेऊन आलेल्या सासूबाईंना बहिणीचं बोलणं सांगून मी ग्लास मागितला. त्यांनी स्टीलचा आणला. आमच्या घरी ग्लास म्हणजे स्टीलचाच! मीही वेड्यासारखी तो दाबून बसले. त्यातून काय दिसणार, कपाळ?

"आई, काचेचा पाह्यजे!" मी ओरडले. घरात काचेचा ग्लासच नव्हता. शेवटी लोणच्याची रिकामी बरणी सापडली. ती आडवी धरून मांडीवर दाबली. भोवतालची कातडी पांढरी पडली. ठिपके मात्र तसेच लाल. लेक साधं कुरकुरलीही नाही, त्यानं तर मी पुरती हादरले.

सासूबाई वाकून काचेतून पाहत होत्या. आता पुन्हा मातेचं नाव काढलं तर मी काय बोलेन, याचा नेम नव्हता.

त्यांनी हातातला पाला टाकला. "पाहून काय राहिली? उचल तिले," म्हणाल्या, आणि जीप थांबवायला अनवाणीच रस्त्यावर धावल्या.