जिथं निजता, ते दाखवा

मिलिंदकाका गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी हैदराबादेत एका बाथरूमच्या फरशीचे सांधे भरत होतो. रडू आलं नाही. आधी मनात आलं, आता काकांना खरं सांगायचं राहूनच गेलं... त्याला दीड महिना झाला. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, सांभाळून घ्या.

कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात काका लग्नाचं शूटिंग करायचे. त्यांचे वडील तरुणपणीच कामाला हैदराबादेला गेले आणि तिकडंच वारले. काकांची आई मरेपर्यंत म्हणायची, "कुठं निजत व्हते, एवढं तरी कळाया पाहिजे व्हतं." त्यातूनच काकांनी गावात सिनेमाचा मेळा सुरू केला. जयंतीला बाहेरची माणसं घरी येतात. दुसऱ्या दिवशी, दिवस मावळला की विहाराच्या पांढऱ्या भिंतीवर आमचेच सिनेमे लागायचे. पुणे, सुरत, हैदराबाद, जो जिथं पोटासाठी गेला, त्यानं तिथून मोबाईलवर काढून पाठवलेले. नियम एकच, जिथं निजता ते दाखवा. ज्याचा सिनेमा, त्याच्या घरची माणसं पुढच्या सतरंजीवर.

मला फरशीच्या कामाला काकांनीच लावलं. ओळखीच्या मिस्त्रीपाशी स्वतः आणून सोडलं. आज माझ्या घरची चूल त्यांच्यामुळं पेटते. आणि मी काय केलं, तर गेल्या जयंतीला बिल्डरनं गिऱ्हाइकांसाठी सजवलेला नमुन्याचा फ्लॅट माझी खोली म्हणून पाठवला. मी निजतो ती पत्र्याची शेड आईला दाखवायची लाज वाटली. मऊ पलंग, प्लास्टिकची सफरचंदं... आणि तोऱ्यात स्वयंपाकघरातला नळ सोडला, तर त्याला पाणीच नव्हतं. घाईत तसंच पाठवलं. भिंतीवर मात्र नळ आलाच नाही. लांबी कमी केली असेल, असं समजून मी सुटलो.

पुढच्या सतरंजीवर आई शेजारणीला म्हणत होती, "किती गुळगुळीत फरशी हाय बाई. पाय ठेवाया भ्या वाटंल."

"मंग जाय ना, सून येईस्तोर तूच पूस," शेजारीण म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

दिवाळीनंतर काकांचा फोन आला. आवाज बसला होता. "घशाची तपासणी हाय रे तिकडं. दोन दिस टेकू का तुझ्याकडं?"

"काका, मी कामासाठी बाहेरगावी हाय."

"बरं बरं. तकलीफ घेऊ नको."

मी शेडमध्येच होतो. काका दोन दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात निजले.

मातीला पोचलो नाही. पुण्यानुमोदनाला गेलो, तेव्हा काकूंपाशी सगळं कबूल केलं. त्या तांदूळ निवडून राहिल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माहीत व्हतं त्यांना. नळाचा तुकडा काहून कापला मंग? म्हणले, पोरगं आईसमोर उघडं पडंल."

काकूंनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"आन् फोन केला, तो तुझा फ्लॅट पाहून न्हाई. म्हणले, पोरगं शेडातच ऱ्हात असंल. बाप जसल्या जाग्यात निजला, तसल्या जाग्यात दोन दिस निजून येतो."

यंदाचा मेळा काकू भरवणार आहेत. मी सिनेमा पाठवलाय. पत्रा, दोरीवरचे कपडे, बाहेरचा सामाईक नळ, त्याखाली भरत असलेली बादली. आईला अजून काही सांगितलेलं नाही. पुढच्या सतरंजीवर बसूनच ती तो पाहील. सिनेमाच्या शेवटी माझं अंथरूण आहे. काकूंना भेटून आल्यापासून ते मी पार भिंतीला सरकवून घालतो. शेजारी एका माणसापुरती जागा राहते.