सहा ते दहा बंद

आमचे भावोजी वीज कंपनीत वायरमन. गेली दोन वर्षं त्यांचं काम एकच, घरोघरी गीझरला डबी बसवायची. संध्याकाळी सहा ते दहा सगळे एकदम वीज ओढतात, म्हणून तेवढा वेळ ही डबी गीझर बंद ठेवते. वस्तीत त्यांना 'डबीवाले' म्हणूनच ओळखतात.

पहिली डबी त्यांनी स्वतःच्या घरी बसवली. कुणी कुरकुर केली की छाती पुढे काढून सांगायचे, "अहो, माझ्या घरी आधी बसवली, मग तुमच्याकडे आलो!" या एका वाक्यावर त्यांनी चारशे घरं गळाला लावली. माणूस सरळ, त्यात वाद नाही. पण असल्या सरळपणाचा मला राग येतो.

कारण माझी ताई. ती शीतगृहात गोठवलेले मटार निवडते. साडेसहाला घरी येते तेव्हा बोटं पांढरीफटक, लाकडासारखी ताठ. पूर्वी ती कोपरानं नळ उघडायची आणि अर्धा तास हात गरम पाण्याखाली धरायची. गीझर लहान, टाकी नसलेला, चालू असेल तेव्हाच पाणी तापवणारा. डबी बसली आणि ते सुख संपलं. गॅसवर पाणी तापवायचं म्हटलं, तर पातेलं उचलायला बोटांत जोर नको? आणि भावोजी तेव्हा फेरीवर, कुणी डबीचं सील तोडलंय का ते बघत.

"ताई, आजारी माणसासाठी डबी काढायचा अर्ज असतो," मी म्हणालो. "यांच्याच पिशवीत गठ्ठा आहे."

"असू दे रे. लोक काय म्हणतील यांना? लोका सांगे ब्रह्मज्ञान!" ती हसली. हात काखेत धरूनच.

मग मी भावोजींना धारेवर धरलं. मान खाली घालून ते म्हणाले, "एवढा हिवाळा सरू दे. माझी डबी निघाली की उद्या दहा जण दारात उभे राहतील."

तो हिवाळा सरला, पुढचाही निम्मा गेला. काम सोडणं परवडणारं नव्हतं. ताईला ब्लाउजची बटणं लावता येईनात, रोज सकाळी भावोजी लावून द्यायला लागले. तेव्हा कुठे त्यांनी अर्ज भरला. मंजुरीला सात आठवडे लागले.

डबी निघाली त्या दिवशी भावोजींनी फेरी बुडवली आणि मलाही बोलावून घेतलं. ताई आली तशी तिची चप्पलसुद्धा काढू न देता तिला न्हाणीघरात नेलं. नळ सोडला. ताईनं हात पुढे केले, डोळे मिटले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "गारच आहे की हो अजून."

न्हाणीघरातला आरसा वाफेनं पांढरा झाला होता. भावोजींनी झडप घालून नळ बंद केला आणि तिचे हात ओढून घेतले. ते लालबुंद झाले होते.

"बंद का केलात?" ताई म्हणाली. "दोन मिनिटं थांबा ना, येईल गरम."